पाण्याची चाचणी: उत्तीर्ण

साहेब, तुम्ही खोटं बोललात. आणि ते खोटं माझ्या अंगावर चिकटवून तुम्ही घरी जेवायला निघून गेलात.

तुमचं नाव मला माहीत नाही. माहीत असतं तर इथं लिहिलं असतं, कारण मोडून पडलेल्याला आणखी कोण काय करणार? तुमचा हात तेवढा मी पाहिला आहे. मनगटावर रुंद पट्ट्याचं घड्याळ, अंगठ्याला निळी शाई. त्या हातानं तुम्ही माझ्या कपाटाच्या आत एक हिरवं लेबल लावलंत. त्यावर छापलं होतं, 'पाण्याची चाचणी: उत्तीर्ण'. खाली तुमची सही, कुणाला वाचता येऊ नये अशी. त्या लेबलाचं पुढं काय झालं ते मी आता मुलांना सांगणार आहे. तुम्हीही मागच्या बाकावर बसा आणि ऐका.

मित्रांनो, मी एक जुनी सरकती खोली आहे. घरगाडी तुम्ही चित्रात पाहिली असेल. माणसं तिच्यात राहतात, रांधतात, झोपतात आणि मनात आलं की घरासकट निघतात. रस्त्यावर गाडी अरुंद हवी आणि मुक्कामाला घर रुंद हवं. म्हणून गाडीच्या कुशीत एक खोली टेबलाच्या खणासारखी बसवलेली असते. बटण दाबलं की ती हातभर बाहेर सरकते. निघायच्या वेळी पुन्हा बटण दाबायचं, की ती आत. ती बाहेर असताना गाडी हलवता येत नाही. एवढं लक्षात ठेवा, पुढं लागेल. माझ्या पोटात जेवणाचं टेबल होतं, दोन बाकडी होती, एक खिडकी होती आणि वर ते कपाट.

माझा जन्म अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात, घरगाड्यांच्या कारखान्याच्या एका लांबलचक शेडमध्ये झाला. तिथली रीत अशी, की दिवसाच्या ठरलेल्या गाड्या पुऱ्या झाल्या की सुटी. दुपारी झाल्या तर दुपारी, अकराला झाल्या तर अकराला. त्यामुळे त्या शेडमध्ये कुणी चालत नसे. सगळे पळत. माझ्या कडा बांधणारा लव्हर्न नावाचा दाढीवाला माणूस होता. हात चांगला होता त्याचा. लाकडावर तो काळी चिकट पट्टी लावायचा आणि तिच्यावर पत्र्याची कड स्क्रूनं आवळायचा. पाणी अडवते ती ही काळी पट्टी. पत्रा नुसता शोभेचा.

माझ्या वरच्या मागच्या कोपऱ्याशी आल्यावर लव्हर्नचं पट्टीचं रीळ संपलं. वीतभर जागा उघडी राहिली.

"रीळ संपलं," तो म्हणाला.

"दुसरं पार त्या टोकाला आहे," त्याचा जोडीदार म्हणाला. "जाऊन येशील तोवर पुढची गाडी छाताडावर येईल. मार स्क्रू. पुढचे लावतील."

"पुढचे म्हणतील, मागच्यांनी लावली असेल."

"म्हणू दे की. शेवटी पाण्याखाली तर जाणारच आहे. गळली तर दिसेल."

शेडच्या शेवटी एक पत्र्याची खोली होती. तिच्यात चहूबाजूंनी फवारे. गाडी पाव तास त्यांच्याखाली उभी करायची, गळलं तर परत दुरुस्तीला पाठवायची. लव्हर्ननं स्क्रू मारला तो त्या फवाऱ्यांच्या भरवशावर. मी त्याला दोष देत नाही. पुढं कुणीतरी बघेल, असं त्याला सांगितलेलं होतं. ते बघणारे तुम्ही होता, साहेब.

पहिली सहा वर्षं मी एका दातांच्या डॉक्टरकडे होते. छपराखाली उभी, वरून कापडी आच्छादन. पाहुणे आले की तो बटण दाबून मला बाहेर काढून दाखवायचा आणि ते वा वा करायचे. पाऊस मी काचेतून पाहिला, अंगावर घेतला नाही. मला वाटायचं, आपण फार भक्कम आहोत.

मग मला व्हर्जिल आणि ट्रूडी केसलर यांनी घेतलं. व्हर्जिल नेब्रास्काचा. चाळीस वर्षं त्यानं लोकांच्या न्हाणीघरांत फरश्या बसवल्या. गुडघे गेले, फरशी कापताना उडणारी धूळ छातीत बसली, तेव्हा काम सुटलं. ट्रूडी शाळेच्या स्वयंपाकघरात होती. दोघांनी राहतं घर विकलं आणि आम्हाला घेतलं. मागं काही ठेवलं नाही. आम्ही म्हणजे त्यांचं एकुलतं एक छप्पर.

ते काम मिळेल तिथं जात. उन्हाळ्यात घरगाड्या मुक्कामाला लागतात अशा कुठल्या तरी तळाची राखण, शरदात बीटच्या शेतांवर. हिवाळ्यात ॲरिझोनाचं वाळवंट. तिथं आभाळातून थेंब पडत नसे. ती माझी कौतुकाची वर्षं. निघायच्या आधी व्हर्जिल शिडीवर चढून माझं छत झाडायचा, एक काडी आत जाऊ द्यायचा नाही. माझ्या चारी बाजूंच्या रबरी पट्ट्या ओल्या फडक्यानं पुसायचा आणि त्यांना मलम चोळायचा.

"माझ्या पायांना कधी चोळलंस का रे एवढं?" ट्रूडी खालून विचारायची.

"ती बोलत नाही चोळताना," व्हर्जिल म्हणायचा.

चौथ्या वर्षी ऑरेगॉनच्या किनाऱ्याकडे नदीकाठच्या एका तळावर काम मिळालं. व्हर्जिलनं स्वच्छतागृहं धुवायची, ट्रूडीनं फाटकाशी खिडकीत बसून येणाऱ्यांची नोंद करायची. बदल्यात गाडीला जागा, वीज, पाणी. ऑक्टोबरात पाऊस सुरू झाला आणि थांबायचं विसरला.

पहिल्यांदा ट्रूडीचा मोजा ओला झाला.

"कॉफी सांडलीस ना?"

"मी काय लहान आहे? सांडली असती तर सांगितलं असतं."

"मागच्या रविवारी सांडलीस ती नाही सांगितलीस."

"ती तुझ्या बाजूला सांडली होती."

हसले दोघं. आठ दिवसांनी बाकड्यामागं वास यायला लागला, मग भिंतीवर काळे ठिपके. व्हर्जिलनं गालिचा उचलून माझ्या जमिनीवर अंगठा दाबला. अंगठा आत गेला. त्या रात्रीपासून त्याचा खोकला वाढला.

समोरच्या जागेत मर्व्ह नावाचा म्हातारा राहायचा. सल्ला द्यायला तो छत्री न घेता आला.

"फटींत सिलिकॉन भर. दुसरं औषध नाही. माझ्या गाडीत आता गाडी कमी आणि सिलिकॉनच जास्त आहे."

"तुझी गाडी शेवटची हलली कधी, मर्व्ह?" ट्रूडीनं विचारलं.

"हलायचं कशाला? मी काय पळून चाललोय?"

त्याच्या गाडीच्या चाकांत हवा नव्हती. पायरीवर नेचे उगवले होते.

ट्रूडीनं त्याचं ऐकलं नाही. तिनं माझ्यावर निळी ताडपत्री बांधली आणि गळती थांबली. मग तिनं इनेझला बोलावलं. इनेझ आपल्या व्हॅनमधून तळोतळी फिरून घरगाड्या दुरुस्त करायची. तिनं आधी माझ्या जमिनीवर पाणसळ ठेवली.

"मिस्टर केसलर, तुमची खोली आत झुकली आहे. छतावरचं सगळं पाणी घरात येतंय. गाडीच्या पलीकडच्या बाजूचा जॅक वर करा. थोडी बाहेर झुकू द्या तिला."

मग ताडपत्री काढून तिनं नळी घेतली आणि खालून सुरुवात केली. आधी तळाची कड, मग बाजू, मग वर. "वरून सुरू केलं की पाणी सगळीकडून ओघळतं. चोर कुठून शिरला ते कळत नाही." पाणी वरच्या मागच्या कोपऱ्याशी पोचलं आणि आतून ट्रूडी म्हणाली, "आलं."

इनेझनं तिथली पत्र्याची कड सोडवली. स्क्रू गंजून काडीसारखे झालेले. मागचं लाकूड चहाच्या चोथ्यासारखं तिच्या हातात आलं.

"इथं पट्टीच नाही," ती म्हणाली. "झिजली नाही, निघाली नाही. कुणी लावलीच नाही."

ट्रूडीनं आतून माझं कपाट उघडलं. तिथं ती कप ठेवायची, लेबल रोज तिच्या डोळ्यासमोर असायचं. "मग हे काय आहे?"

इनेझनं डोकं आत घालून वाचलं. "हे एक मात्र चांगलं चिकटवलंय," ती म्हणाली.

तिनं ती वीतभर जागा तात्पुरती बुजवली. खरं काम मोठं होतं. कडा काढायच्या, लाकूड सुकू द्यायचं, कुजलेली जमीन कापून नवी बसवायची, मग पट्टी. त्याला सलग तीन कोरडे दिवस हवे होते. "मिळाले की फोन करा, मी कुठंही असले तरी येते. तोवर ताडपत्री राहू द्या. आणि एक करू नका. रबराच्या कडा चिकटवू नका. ही खोली हलणारी आहे. हलणाऱ्याला फट लागतेच."

व्हर्जिलनं मान हलवली. डॉक्टर विडी सोडा म्हणतात तेव्हा हलवतात तशी.

तीन कोरडे दिवस आले नाहीत. तळाच्या व्यवस्थापकाची चिठ्ठी आली. कुठल्याही गाडीवर ताडपत्री चालणार नाही, तळाची शोभा जाते. शुक्रवारपर्यंत काढा, नाहीतर जागा सोडा.

ट्रूडी त्याच्याकडे गेली. "चार दिवस थांब. छत गळतंय आमचं."

"ट्रूडी, हा नियम फाटकात तूच सगळ्यांना वाचून दाखवतेस. गेल्या महिन्यात त्या बाईला काय सांगितलंस?"

त्या बाईला तिनं हसून, दिवस छान जावो म्हणून, हाच कागद दिला होता.

तिनं कारखान्यालाही पत्र लिहिलं होतं. त्याच आठवड्यात उत्तर आलं. गाडी बाहेर पडताना पाण्याची चाचणी झाली होती, तशी नोंद आहे, तसं लेबलही गाडीत सापडेल. सबब गळती पुढच्या मालकांच्या हलगर्जीपणामुळे. मित्रांनो, ज्या माणसानं चार वर्षं माझ्या रबराला मलम चोळलं, त्याला हे वाचून दाखवावं लागलं.

गुरुवारी पाऊस तीन तास थांबला. व्हर्जिलनं सिलिकॉनच्या नळ्या आणल्या.

"इनेझ नको म्हणाली होती," ट्रूडी म्हणाली.

"ताडपत्री उद्या उतरवायची आहे. मग काय डोक्यावर परात धरून बसायचं?"

"पण खोली सरकणार कशी?"

"मेपर्यंत कुठं जातोय आपण? एप्रिलात कापून काढीन. ट्रूडी, चाळीस वर्षांत माझ्या हातची एक फट गळलेली नाही."

ते खरं होतं. आणि तिथंच घात झाला. फरशीवाल्याला फट म्हणजे पाप. न्हाणीघरात ती बुजवायचीच असते, तिथल्या भिंती चालत नाहीत. त्यानं माझ्या चारी बाजूंनी, रबरावरून, गाडीच्या पत्र्यापर्यंत सिलिकॉन भरलं. साबणाच्या पाण्यात बोट बुडवून रेघ अशी गुळगुळीत केली, की जणू साच्यातून काढली. इतकं सुबक काम माझ्यावर कुणीच केलं नव्हतं, कारखान्यात तर नाहीच. वरून पाणी येणं थांबलं. जे आधीच भिंतीत मुरलेलं होतं त्याला बाहेर पडायची वाट राहिली नाही. ते माझ्या जमिनीत बसून गुपचूप खात राहिलं, आणि वर जेवणाच्या टेबलाशी तो खोकत राहिला.

जानेवारीतल्या एका मंगळवारी, सकाळचा नाश्ता चालू असताना, नदी वर आली.

व्यवस्थापक भोंगा घेऊन फिरत होता. "खोल्या आत घ्या. तासाभरात सगळ्या गाड्या वर शाळेच्या मैदानावर."

तळावर एकेक खोली आत सरकायला लागली. व्हर्जिलनं बटण दाबलं. मोटर कण्हली. माझा पुढचा कोपरा चार बोटं आत गेला, मागचा जागचा हलला नाही. त्यानं पुन्हा दाबलं.

"थांब, ती तिरकी होतेय," ट्रूडी म्हणाली.

त्यानं तिसऱ्यांदा दाबलं. खाली गिअरचे दाते तुटले आणि माझी कुजकी जमीन मधोमध वाकली. टेबलावरचे अंडी-बटाटे घसरून खाली आले. आता मला धड आतही जाता येईना, बाहेरही.

तो कटर घेऊन पावसात धावला. ट्रूडीनं शिडी धरली. पाणी तिच्या घोट्याशी होतं. व्हर्जिल स्वतःची रेघ कापत होता आणि रेघ सुटत नव्हती. त्यानं ती चांगली भरली होती. बाजूनं गाड्या जात होत्या, काचांतून माणसं बघत होती. पाणी तिच्या नडगीशी आलं, मग गुडघ्याशी.

मर्व्ह आपला पिकअप घेऊन आला. "चल, बस."

"सात फूट राहिलंय."

"माझं घर सहा वर्षं हललं नाही, मी सोडलं ते. तू काय तिच्याशी लग्न लावलंयस?"

"सात फूट, मर्व्ह."

"गिअर गेलाय, गड्या. सगळं कापलंस तरी ती आत यायची नाही."

व्हर्जिलला ते माहीत होतं. तरी त्यानं आणखी फूटभर कापलं. मग शिडीवरून उतरला. पाणी त्याच्या मांडीला लागत होतं. त्यानं माझ्या पत्र्यावर तळवा ठेवला, ओल्या फरशीवर ठेवतात तसा, बसली की नाही बघायला. ट्रूडीनं त्याचा दंड धरून त्याला पिकअपमध्ये चढवलं.

दुपारी पाणी टेबलापर्यंत आलं. वाहत आलेला एक ओंडका मला लागला आणि मी गाडीपासून उखडले गेले. पाणी ओसरल्यावर आम्हाला भंगाराच्या आवारात आणून टाकलं. गाडी एकीकडे, मी एकीकडे.

सोळा दिवसांनी ट्रूडी आली. सोबत इनेझ. ट्रूडीच्या अंगात व्हर्जिलचा कोट होता, बाह्या दोनदा दुमडलेल्या.

"मी न विचारता यायला हवं होतं," इनेझ म्हणाली.

"येऊन काय केलं असतंस? तीन कोरडे दिवस तुझ्या व्हॅनमध्ये होते का?" ट्रूडी माझ्या कपाटातले कप काढत होती. एक फुटला नव्हता. "दवाखान्यात नऊ दिवस होता. छातीत फरशीची धूळ होतीच, त्यावर ही बुरशी, त्यावर ते थंड पाणी. त्यांनी कागदावर एकच शब्द लिहिला, न्यूमोनिया. शेवटपर्यंत मला विचारत होता, किती फूट राहिलंय."

"तुम्ही काय सांगितलं?"

"सांगितलं, झालं. आत आली."

कप काढून झाल्यावर तिला लेबल दिसलं. सगळं सडलं होतं, लेबल तसंच हिरवं. तिनं ते नखानं सोलून पाहिलं. निघालं नाही. मग कोटाच्या खिशातून तिनं व्हर्जिलचा कटर काढला आणि लेबलाभोवतीची फळीच कापून घेतली. मागच्या बाजूला जाड पेनानं एक ओळ लिहिली आणि इनेझला वाचून दाखवली. "त्या दिवशी पाणी सोडलं होतं का?" खाली आपला पत्ता. "एवढंच विचारते. भरपाई नको, फुलं नकोत."

फळी टपालानं कारखान्यात, तुमच्याकडे पोचली, साहेब. पोचल्याची पावती ट्रूडीकडे आहे. इनेझ मधूनमधून सुटे भाग शोधायला या आवारात येते, आवाराचा मालक तिला दर वेळी विचारतो, आलं का उत्तर? ती नकारार्थी मान हलवते. ट्रूडी बहिणीच्या घरी सोफ्यावर झोपते.

मित्रांनो, म्हातारीचं थोडं ऐका. छत झाडत जा. कोपरे अंगठ्यानं दाबून बघा. वास आला तर तो वास आहे असं म्हणा, उदबत्ती लावू नका. जे हलतं त्याला चिकटवू नका. त्याची फट कशी राखायची ते जाणत्याकडून शिका. आणि कुठलंही हिरवं लेबल दिसलं तर त्याला नमस्कार करू नका. नळी घ्या आणि खालून वर पाणी मारून स्वतः बघा.

पण मुलांना शहाणपण शिकवून माझं समाधान होत नाही. व्हर्जिलचं चुकलं, पण त्यानं काम जीव ओतूनच केलं होतं. हलगर्जीपणा त्याचा नव्हता.

साहेब, उठू नका. त्या दिवशी फवाऱ्यांच्या खोलीसमोर तीन गाड्यांची रांग होती, आमची तिसरी. तुम्ही घड्याळाकडे पाहिलंत. त्या दिवशी माझ्या अंगावर काय पडलं आणि काय पडलं नाही, ते मला माहीत आहे. पण मोडक्या फळ्यांची साक्ष कुणी घेत नाही. म्हणून तुमच्या तोंडून हवं आहे, तुमच्या हातानं, वाचता येईल अशा सहीनं, ट्रूडी केसलरच्या पत्त्यावर.

पाणी सोडलं होतं का? हो की नाही?